मस्टर आधी, वकील नंतर

प्रश्न : मॅडम, मी मराठवाड्यातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात इंटर्न आहे. थर्ड इयरला एक विषय राहिला म्हणून मागे पडलेल्यांच्या ऑड बॅचमध्ये गेले. इंटर्नशिप १ ऑगस्ट २०२४ ला सुरू झाली, म्हणजे ३१ जुलै २०२५ ला संपायला हवी. नीट पीजीसाठी, म्हणजे एमडी-एमएसच्या प्रवेशपरीक्षेसाठी, इंटर्नशिप पूर्ण होण्याची शेवटची तारीखही तीच आहे. फॉर्म भरला तेव्हा सगळं जुळत होतं. मे महिन्यात कॉलेजने पत्र दिलं : गैरहजेरी २६ दिवस, पैकी १५ दिवस रजा ग्राह्य, ११ दिवस एक्स्टेंशन. आता माझी इंटर्नशिप ११ ऑगस्टला संपणार. परीक्षा १५ जूनवरून ३ ऑगस्टवर गेली, मग इंटर्नशिपची तारीख का नाही पुढे गेली? अकरा दिवसांसाठी वर्ष घालवायचं हा न्याय आहे का? माझे डेंग्यूत नऊ दिवस गेले, बहिणीच्या लग्नात पाच. उरलेले बारा रूरल पोस्टिंगमधले लावलेत, तेव्हा मी पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) होते, पण मस्टर कॉलेजला पोचलं नाही म्हणे. मामांच्या ओळखीचे वकील म्हणतात, हायकोर्टातून अंतरिम आदेश आणू, परीक्षेला बस, पुढचं पुढे. एक सीनियर म्हणतो, ऑफिसातल्या भाऊसाहेबांना भेट, ३१ जुलैचं कम्प्लिशन सर्टिफिकेट मिळून जाईल. बाबा म्हणतात, सोड हे वर्ष. मी काय करू?
– एक इंटर्न

उत्तर :

तुझं मूळ पत्र चार पानांचं होतं, इथे छापताना कमी केलं आहे. त्यातली साडेतीन पानं दिल्लीवर आहेत. परीक्षा मंडळ कसं निर्दयी आहे, तारखा कशा मनमानी बदलतात, एका शिफ्टसाठी कोर्टात जावं लागतं वगैरे. रागावायला जागा आहे, मी नाही म्हणत नाही. पण तुझ्या कामाचं वाक्य एकच आहे आणि ते तू शेवटच्या पानावर, जाता जाता लिहिलंयस : 'मस्टर कॉलेजला पोचलं नाही म्हणे.'

ते 'म्हणे' कोण म्हणालं? कुणी लेखी दिलंय का?

हिशेब मांडू. कॉलेजने धरलेली गैरहजेरी २६ दिवस. त्यातले रूरलचे १२ काढले तर उरतात १४. इंटर्नशिपच्या वर्षात १५ दिवसांपर्यंत रजा नियमात बसते, आणि तुझ्या कॉलेजने आपल्याच पत्रात ती ग्राह्य धरली आहे. म्हणजे ते बारा दिवस हजेरीत आले तर एक्स्टेंशन अकराचं शून्यावर येतं आणि तुझी इंटर्नशिप ३१ जुलैलाच संपते. नियम बदलायला नको, तारीख पुढे ढकलायला नको, कुणाची दया नको. तू ज्याला दिल्लीचा अन्याय समजते आहेस तो निदान कागदावर तरी तुझ्या तालुक्यातला घोळ दिसतोय.

आता एक प्रश्न विचारते, रागवू नकोस. त्या बारा दिवसांत तू खरोखर पीएचसीत होतीस ना? सगळे बारा दिवस? मी वकिली सुरू करण्याआधी सात वर्षं एका मेडिकल कॉलेजच्या विद्यार्थी विभागात कारकून होते. रूरल पोस्टिंगमध्ये 'ॲडजस्टमेंट' कशी चालते ते मला माहीत आहे. सहा जणांची पोस्टिंग, दोघं ओपीडी सांभाळतात, चौघं लायब्ररीत पीजीचा अभ्यास करतात, पुढच्या आठवड्यात अदलाबदल. सह्या मात्र सहांच्या. तुझ्याबाबतीत असं काही असेल तर माझं पुढचं सगळं उत्तर बाजूला ठेव. कारण तुझ्याकडे फक्त एका दिवसाची सवलत आहे. बारातला एक दिवस तू नव्हतीस असं निघालं तरी गैरहजेरी १५ होते आणि निभावतं. दोन निघाले तर सोळा, म्हणजे एक दिवस एक्स्टेंशन, म्हणजे १ ऑगस्ट. एका दिवसाने चुकलं काय आणि अकराने चुकलं काय, पात्रतेत फरक नाही.

होतीस असं धरून पुढे लिहिते.

मस्टर हरवतं कसं हे सांगते, म्हणजे शोधायचं कुठे ते कळेल. पीएचसीतलं हजेरीपत्रक महिनाअखेरीस एमओ, म्हणजे तिथले वैद्यकीय अधिकारी, सही करून पाठवतात. ते टपालाने क्वचितच जातं. कुणीतरी तालुक्याला निघालेलं असतं, त्याच्या हाती पाकीट दिलं जातं. कधी ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर, कधी मीटिंगला जाणाऱ्या सिस्टर. तिथून ते कॉलेजच्या पीएसएम (रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागात येतं, तिथला कारकून आवक नोंदवतो किंवा नोंदवत नाही, आणि मग ते विद्यार्थी विभागात पोचतं. या प्रवासात चार टेबलं आहेत. माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका मुलाचं महिन्याचं मस्टर मी स्वतः लसीकरणाच्या अहवालांच्या गठ्ठ्यात लावून टाकलं होतं. दोन्ही कागद एकाच पिवळट पाकिटातून आले होते, टाचणीही एकच. त्या मुलाला तीस दिवसांचं एक्स्टेंशन लागलं. तो रोज येऊन खिडकीशी उभा राहायचा आणि मी त्याला सांगायची, 'आलंच नाही.' खोटं बोलत नव्हते, मला खरंच तसं वाटत होतं. पाच आठवड्यांनी अहवाल बांधणीला काढले तेव्हा ते सापडलं. म्हणून सांगते, ऑफिसातला माणूस 'पोचलं नाही' म्हणाला की त्याचा अर्थ 'माझ्या टेबलावर नाही' एवढाच घ्यायचा.

मस्टर सापडलं तर प्रश्न मिटला. नाही सापडलं तरी हजेरीचा तोच एक पुरावा नसतो. पीएचसीच्या ओपीडी रजिस्टरमध्ये त्या तारखांना तुझ्या अक्षरातल्या नोंदी असतील. रात्रपाळी केली असशील तर प्रसूतीच्या रजिस्टरमध्ये असतील. लसीकरण सत्राला गेली असशील तर एएनएमच्या (आरोग्यसेविकेच्या) टॅली शीटवर नाव असेल. तुझ्या लॉगबुकमध्ये एमओंच्या सह्या तारखेसह असायला हव्यात. त्या असतील तर अर्धी लढाई तिथेच आहे. या सगळ्याच्या आधारावर एमओंकडून नवं हजेरी प्रमाणपत्र घ्यायचं : अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत डॉक्टर अमुक हजर होत्या, मूळ हजेरीपत्रक अमुक दिवशी पाठवलं होतं, ही त्याची स्थळप्रत (ऑफिसात ठेवलेली नक्कल). स्थळप्रत बहुतेक पीएचसीत असतेच, फक्त कुणी मागत नाही.

हे सगळं जोडून अधिष्ठात्यांच्या नावे अर्ज कर. विषय 'एक्स्टेंशन माफ करण्याबाबत' असा अजिबात लिहू नकोस. माफी मागितलीस की चूक कबूल केल्यासारखं होतं. विषय लिही : 'हजेरीच्या नोंदीत दुरुस्ती करण्याबाबत.' अर्ज पीएसएमच्या विभागप्रमुखांमार्फत दे आणि त्याची एक प्रत थेट अधिष्ठाता कार्यालयातही दे. दोन्हीकडे शिक्का आणि आवक क्रमांक घ्यायचा. तोंडी बोलून, व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून झालेल्या कामाला पुढे कोर्टात काडीची किंमत नसते. माहिती अधिकारात अर्ज टाक असं कुणीतरी सांगेलच. जरूर टाक, पण त्याला तीस दिवस लागतात. त्याच्यावर विसंबून बसू नकोस.

आता वकिलांच्या सल्ल्याकडे येते. ते काय मागणार हे मी न भेटता सांगू शकते : परीक्षा पुढे गेली तशी इंटर्नशिपची तारीखही पुढे न्यावी, आणि तोवर हिला तात्पुरतं बसू द्यावं. मुद्दा ऐकायला चांगला आहे. ३० मेला सुप्रीम कोर्टाने दोन शिफ्टऐवजी एकाच शिफ्टमध्ये परीक्षा घ्यायला सांगितलं, त्यामुळे परीक्षा ३ ऑगस्टवर गेली, तारीख मात्र ३१ जुलैवरच राहिली. पूर्वी तारीख वाढली होती हेही खरं. २०२२ मध्ये परीक्षा मार्चवरून मेमध्ये गेली तेव्हा ती ३१ मेवरून ३१ जुलै झाली. २०२३ मध्ये परीक्षा ५ मार्चला होती, तारीख ३१ मार्चवरून आधी ३० जून आणि मग ११ ऑगस्ट झाली. पण नीट बघ, दोन्ही वेळा ती सरकारने वाढवली. कोविडमुळे कॉलेजंच्या कॉलेजं मागे पडली होती, हजारो इंटर्न अडकले होते. धोरण म्हणून घेतलेला तो निर्णय होता. एका मुलीच्या अकरा दिवसांसाठी कोर्ट सगळ्या देशाची तारीख हलवत नाही. आणि तुझ्या एकटीसाठी हलवायची तर ज्यांची १ ऑगस्टला संपते त्यांनी काय करायचं?

या विषयात डॉक्टर जिंकले तो एक खटला आपल्याकडचाच आहे. २०१९ मध्ये महाराष्ट्रात पीजीच्या प्रवेशांना आर्थिक दुर्बलांचं दहा टक्के आरक्षण लागू केलं होतं. प्रवेशप्रक्रिया आधीच सुरू झालेली होती, म्हणून सुप्रीम कोर्टाने ३० मे २०१९ ला ते त्या वर्षापुरतं लागू होणार नाही असं सांगितलं. खेळ सुरू झाल्यावर नियम बदलायचे नाहीत, हे त्यामागचं सूत्र. तुझे वकील कदाचित हाच खटला पुढे करतील. पण ही तलवार तुझ्यावर उलटते. ३१ जुलै ही तारीख एप्रिलच्या माहितीपुस्तिकेतच होती आणि ती वाचून तू फॉर्म भरलास. खेळाच्या मध्यात नियम बदला असं आता तू म्हणणार आहेस.

'आदेश आणू, परीक्षेला बस, पुढचं पुढे' याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण यात पोरं फसतात. अंतरिम आदेश म्हणजे निकाल नव्हे. त्यात एक ओळ असतेच : हे सगळं अंतिम निर्णयाच्या अधीन राहील, यातून कोणताही हक्क निर्माण होणार नाही. तुझ्यासारखीच अडचण असलेला खटला फार जुना आहे, गुरु नानक देव विद्यापीठाचा. इंटर्नशिप पूर्ण न झालेल्या विद्यार्थ्यांना हायकोर्टाने अंतरिम आदेशाने पीजीसाठी पुढे जाऊ दिलं होतं. १९९३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते मोडून काढलं आणि सहानुभूतीपोटी दिलेल्या अशा आदेशांनी कुणाचंच भलं होत नाही, या अर्थाचं चांगलं सुनावलं. तेव्हापासून विद्यापीठांचे, मंडळांचे वकील हा निकाल खिशात घेऊन फिरतात. तुझ्या वकिलांनी दोन पानं वाचायच्या आत तो न्यायमूर्तींपुढे ठेवला जाईल.

समजा, आदेश मिळाला. तू परीक्षा दिलीस, रँक चांगला आला, काउन्सेलिंगमध्ये जागाही मिळाली. मग वर्षभराने, रेसिडेन्सीच्या मध्यात, निकाल विरुद्ध गेला तर? जागा गेली, वर्ष गेलं आणि त्या जागेवर दुसरंही कुणी आलं नाही. रिकाम्या जागांसाठीही कोर्ट हळवं होत नाही. २०२१ च्या पीजी प्रवेशांत शेवटी १,४५६ जागा रिकाम्या राहिल्या होत्या. आणखी एक फेरी घ्या म्हणून डॉक्टर सुप्रीम कोर्टात गेले, आणि जून २०२२ मध्ये कोर्टाने नकार दिला. एवढ्या जागा वाया चालल्या असतानाही वेळापत्रक मोडलं नाही, हे ध्यानात ठेव.

कोर्टाची चाल किती संथ असते त्याचंही एक उदाहरण. चंदीगडच्या सरकारी मेडिकल कॉलेजात पीजीच्या काही जागा तिथल्या रहिवाशांसाठी राखीव होत्या. वाद २०१९ च्या प्रवेशांचा. पीजीला निवासावर आधारित आरक्षण चालणार नाही, फक्त त्याच कॉलेजात शिकलेल्यांना वाजवी प्रमाणात प्राधान्य देता येईल, हा निकाल २९ जानेवारी २०२५ ला आला. निकाल मोठा आहे, देशभर लागू आहे. पण तोवर त्या बॅचची पोरं एमडी-एमएस होऊन बाहेर पडली होती आणि कोर्टाने त्यांचे प्रवेश तसेच राहू दिले.

म्हणजे कोर्टात जायचंच नाही का? तसं नाही. कॉलेजने दुरुस्ती नाकारली किंवा अर्जावर नुसतं बसून राहिलं, तर जरूर जा. पण मागणी बदल. परीक्षा मंडळाला 'तारीख हलवा' असं सांगायला जाऊ नकोस. 'मी हजर होते, हे पुरावे, कॉलेजने ते विचारात न घेता मला गैरहजर धरलं, त्यांनी नोंद तपासून ३१ जुलैपूर्वी निर्णय द्यावा' एवढंच माग. ही मागणी तुझ्या कॉलेजविरुद्ध आहे, छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात होईल, आणि यात कुठलाही नियम वाकवायला सांगितलेला नाही. सार्वजनिक संस्थेने हातातला पुरावा न बघता निर्णय घेतला असेल तर त्यात हात घालणं हे हायकोर्टाचं नेहमीचं काम आहे. पात्रतेचा नियम बदलणं हे नाही. वकील तेच असू देत, मामांची ओळख मोडायला नको, फक्त त्यांच्यापुढे हा हिशेब ठेव. चांगले असतील तर दोन मिनिटांत याचिकेचा मसुदा बदलतील. बदलायला तयार नसतील तर दुसरे बघ.

मुदतीचंही बोलते. अर्ज या आठवड्यात जायला हवा. दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर लेखी स्मरणपत्र, त्यानंतर आठवड्याने याचिका. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात कोर्टात धावत गेलीस तर न्यायमूर्ती पहिला प्रश्न विचारतील : पत्र मे महिन्यात मिळालं, इतके दिवस काय करत होता? त्याला उत्तर नसतं. तातडीचं प्रकरण आपणच शिळं करून आणलं की कोर्टाला तातडी वाटत नाही.

सीनियरच्या सल्ल्याबद्दल मला फार लिहायचं नाही. भाऊसाहेब ३१ जुलैचं कम्प्लिशन देतीलही. ते प्रमाणपत्र मग काउन्सेलिंगला जाईल, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीला जाईल, आणि कॉलेजच्या फायलीत ११ ऑगस्टचं पत्र जावक क्रमांकासह तसंच राहील. दोन कागद, दोन तारखा. तुझ्या मागे रँक असलेल्या एखाद्याला ते कळायला किती वेळ लागेल? त्या दिवशी नुसती जागा जाणार नाही, फौजदारी गुन्हा होईल, आणि भाऊसाहेब म्हणतील, 'मॅडमनी आणून दिलं तसं टाइप केलं.' गंमत अशी, की तू बारा दिवस खरोखर हजर असशील तर खरं प्रमाणपत्र मिळवायचा रस्ता तुला मोकळा आहे आणि हा माणूस तुला तेच खोटं करून घ्यायला सांगतोय.

दुरुस्ती झालीच नाही तर? जुलैच्या शेवटी कागदावर ११ ऑगस्टच असेल आणि कोर्टाचा आदेश हाती नसेल, तर मंडळाला लेखी कळव की अर्ज भरताना दिलेली तारीख बदलली आहे. साडेतीन हजारांची फी जाईल, जाऊ दे. चुकीची तारीख तशीच ठेवून परीक्षेला बसू नकोस. 'प्रॅक्टिस म्हणून देते' असं पुष्कळ जण म्हणतात, पण इंटर्नशिपची अट पात्रतेची आहे, आणि तुला ती पूर्ण होत नाही हे माहीत असताना बसलीस तर तो अजाणतेपणा राहत नाही.

आणि बाबांना सांग, की त्या स्थितीतही पूर्ण वर्ष जात नाही. एम्स, पीजीआय, जिपमर, निमहान्स या केंद्रीय संस्थांची पीजी प्रवेशपरीक्षा, आयएनआय-सीईटी, वेगळी असते आणि वर्षातून दोनदा होते. जानेवारीच्या सत्राची परीक्षा नोव्हेंबरच्या सुमारास असते आणि तिला इंटर्नशिप ३१ जानेवारीपर्यंत पूर्ण झालेली चालते. ११ ऑगस्टला संपली तरी तू त्यात आरामात बसतेस. नागपूरचं एम्सही त्यातच येतं. जागा कमी, चढाओढ जास्त, हे खरं. पण नीटसाठी केलेला अभ्यास तिथे वाया जात नाही. दुसरं म्हणजे तू सरकारी कॉलेजची आहेस, तुझा वर्षभराच्या सरकारी सेवेचा बाँड उभाच आहे. तो न करणाऱ्याला दहा लाख भरावे लागतात. पीजीनंतर हातात मोठा बाँड आणि मागे हा लहान, अशी ओढाताण झालेली माणसं मी पाहिली आहेत. ते वर्ष कधीतरी द्यायचंच असेल तर मधल्या काळात दिलेलं काय वाईट? बाबांचं म्हणणं मी अगदीच मोडीत काढत नाही. फक्त ते पहिला उपाय म्हणून सुचवतायत, माझ्या लेखी तो शेवटचा.

तर सोमवारी सकाळी पीएचसी. ओपीडी सुरू व्हायच्या आत जा, नंतर एमओंना मान वर करायला वेळ नसतो. लॉगबुक, कॉलेजच्या पत्राची झेरॉक्स आणि बारा तारखांची यादी सोबत ने. रजिस्टरचे फोटो परवानगीनेच काढ, आणि पेशंटची नावं कागदाने झाकून काढ. तुझ्या वेळच्या एमओंची बदली झाली असेल तर घाबरू नकोस, त्यांना फोन कर, सही ते नव्या ठिकाणाहूनही देऊ शकतात, आणि रजिस्टरची साक्षांकित प्रत आताचे एमओ किंवा तालुका आरोग्य अधिकारी देतील. परत येताना पीएसएममध्ये थांब आणि तिथल्या कारकुनाला त्या महिन्याचे लसीकरणाचे अहवाल काढून बघायला सांग.